आण्णांच्या फियाटचं पासिंग

"गाडी नापास झाली पाहिजे," शीतल म्हणाला.

सत्तारभाई कुणाच्या तरी जीपखाली झोपले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि ते पाय एकदम हलायचे थांबले.

"काय म्हणालासा?"

"नापास. उद्याच्या आरटीओ कॅम्पात. आणि आण्णांच्या कानावर जायला नको."

सत्तारभाई सरपटत बाहेर आले, उठून बसले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं. "शीतलभाऊ, मी चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय. 'भाई, कसंबी करून पास करून द्या' म्हणणारी लई बगितली. एक तर ब्रेकच नसलेली गाडी घिऊन आलता, खरं त्यालाबी पासच व्हायचं होतं. नापास करा म्हणणारं गिऱ्हाईक तुमी पयलं."

"फार काही करायचं नाही. तुमचा तो संच फक्त देऊ नका."

मी शेजारी पिशवी धरून उभी होते. या खटल्यात माझा सहभाग एवढाच, असं माझ्या नवऱ्याने घरून निघतानाच बजावलं होतं. बोलायचं त्याने, मी सोबत असायचं. सोबत कशाला, तर आण्णांना संशय येऊ नये म्हणून. बायकोला घेऊन भाजीला गेलेला माणूस कटबिट करत नाही, असं त्याचं मत होतं.

याला आता पंधराएक वर्षं झाली. सत्तारभाईंचा 'संच' म्हणजे काय, हे सांगायला हवं. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी तिला आरटीओच्या इन्स्पेक्टरपुढे उभं राहून आपण अजून धडधाकट आहोत हे सिद्ध करावं लागतं. यालाच पासिंग म्हणायचं. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या आमच्या गावात हौसेने पाळलेल्या जुन्या गाड्या सात-आठ होत्या आणि त्या सगळ्या एकाच टायरांवर पास होत. सत्तारभाईंच्या माळ्यावर चार करकरीत टायर, एक भरलेली बॅटरी, वायपरची जोडी, आरसा आणि मोठ्या आवाजाचा हॉर्न कायम तयार असे. ज्याचं पासिंग असेल त्याच्या गाडीला सकाळी हे सगळं चढायचं आणि दुपारी उतरायचं. अशा रीतीने आमच्या गावात वाहनसुरक्षा नांदत होती, पण माळ्यावर.

"बगतो," सत्तारभाई म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र लग्नात जेवायला वाढू नका असं सांगितल्यासारखा झाला होता.

आता आण्णांचं सांगते. आण्णा म्हणजे माझे सासरे, बाबगोंडा मगदूम. शेतीच्या अवजारांचं दुकान त्यांनी एकट्याच्या हिमतीवर उभं केलं. आवाज असा, की दुकानातून घरी निरोप द्यायला फोन लागत नसे. शीतल जन्मला त्या वर्षी त्यांनी पोपटी रंगाची फियाट घेतली, आणि दोघांत जास्त लक्ष कुणावर दिलं हे गाडीकडे बघून कुणालाही कळलं असतं. फियाटवर कधी ओरखडा नव्हता.

म्हणजे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता.

पहिल्यांदा गाडी गेटच्या डाव्या खांबाला घासली. आण्णा उतरले, खांबाकडे रागाने बघितलं आणि म्हणाले, "हा खांब लई पुढं आलाय." वीस वर्षं एका जागी उभा असलेला तो खांब पुढे कसा आला, असं कुणीही विचारलं नाही. शीतलने दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि खांब पाडून पाच फूट पलीकडे नवा बांधला. मग शेजारच्या कटाऱ्यांच्या दारातला कठडा गेला. आम्ही कटाऱ्यांची माफी मागितली आणि आण्णांसमोर म्हणालो, "स्टेअरिंग जरा ओढतंय वाटतं." कोपऱ्यावरच्या केळीवाल्याला शीतलने स्वतः जाऊन गाडा रस्त्याच्या उजव्या बाजूला लावायची विनंती केली. सासूबाई तर आमच्याही पुढच्या. एकदा गाडीने म्हशीला धक्का दिला, तर त्या म्हणाल्या, "म्हस आंधळीच होती."

आण्णांना डाव्या बाजूचं दिसत नाही, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. म्हणायचं मात्र असं, की गाडी म्हातारी झाली. ब्रेक लागत नाही, आरसा लहान आहे, काच पिवळी पडली आहे. आम्ही दोन वर्षं त्या मुक्या गाडीची इतकी बदनामी केली, की तिला तोंड असतं तर तिने आमच्यावर दावा लावला असता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आण्णा रोज सानूला शाळेत सोडायचे. सानू माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. म्हशीच्या प्रकारानंतर मीही त्यांच्यासोबत जायला लागले. निमित्त भाजीचं. भाजी आमच्या दारावरच येत असे, पण तेही कुणी बोललं नाही. मी पुढे आण्णांच्या डाव्या हाताला बसायची आणि गप्पा मारल्यासारखं करत राहायची. "ती बघा आण्णा, डावीकडून सायकलवाली कशी येतीय." "अगंबाई, इथे खड्डा केलाय वाटतं." आण्णा "हं" म्हणायचे आणि गाडी बरोबर वळायची. घरातला जो कोणी त्या सीटवर बसेल त्याने बोलत राहायचं, हा न ठरवता पडलेला रिवाज होता. सासूबाई तर वाटेतल्या दगडधोंड्यांचीही नावं घेत.

पण जूनपासून मला शेजारच्या गावातल्या हायस्कुलात नोकरी लागली होती. सकाळी सातची एसटी. म्हणजे जूनपासून सानू आणि आण्णा, दोघंच.

"तू सांग ना त्यांना," मी शीतलला म्हटलं होतं.

"मी? आण्णांना? गाडी चालवू नका म्हणून?" तो असा बघत राहिला, जसं काही मी त्याला आण्णांचं दुकान पेटवायला सांगितलं होतं.

"मग मी सांगते."

"तू सून आहेस. बरं दिसतं का ते?"

"आईंनी सांगावं."

"आई सांगेल आणि आण्णा जेवायचे थांबतील. मग?"

मग सरकार. ही आयडिया शीतलची. पासिंगची मुदत मे महिन्यात संपत होती. इन्स्पेक्टर म्हणेल, गाडी बाद. आण्णा चिडतील ते सरकारवर, आणि सरकारला त्याची सवय असते. गाडी शेडमध्ये राहील, सानू रिक्षाने जाईल, आणि आम्ही सगळे "काय हे सरकार!" असं म्हणत आण्णांच्या दुःखात सामील होऊ. बाप-लेकाचं नातं शाबूत. मला ही योजना पटली, हे आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला ती पटलीच होती.

कॅम्प मार्केट यार्डाच्या मैदानात असायचा. महिन्यातून एकदा इन्स्पेक्टर यायचे, एका टेबलाशी लायसन्सवाले आणि मैदानात गाड्या. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. आण्णांनी इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी आणि लग्नाकार्याचा कोट घातला होता. त्या उन्हात कोट! मी त्यांच्या डावीकडे बसून वाटभर ऊस, म्हशी, पोरं आणि टँकर यांचं कौतुक करत आले होते. घसा कोरडा पडला होता.

मैदानात सत्तारभाई आधीच येऊन उभे होते. त्यांच्या पायाशी चार करकरीत टायर होते.

शीतलचा चेहरा पडला. तो त्यांच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाला, "भाई, काय ठरलं होतं?"

"ठरलं हुतं खरं," सत्तारभाई खाली बघत म्हणाले, "रात्री झोपच लागंना. माझ्या गॅरेजची गाडी, आन नापास? उद्या माणसं काय म्हणतील? तुमी पायजे तर मला शिव्या घाला." आणि त्यांनी जॅक लावला. बघता बघता टायर चढले, वायपर बसले, आरसा आला. एरवी गिऱ्हाइकाला तीन-तीन दिवस फिरवणारा हा माणूस त्या दिवशी अर्ध्या तासात मोकळा झाला.

शीतलने शेवटचा उपाय म्हणून घरीच हॉर्नची वायर काढून ठेवली होती. आण्णांनी हॉर्न दाबून बघितला, तर आवाज नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, सुटलेलं टोक दोन बोटांत धरलं आणि शीतलकडे बघत म्हणाले, "उंदरानं काढली असंल."

"असेल," शीतल म्हणाला.

"उंदराला धड काढताबी आली न्हाई. जोडायला सोपं गेलं." त्यांनी वायर खोचली. पुन्हा दाबला तसा हॉर्न असा वाजला, की यार्डातले हमाल वळून बघायला लागले.

इन्स्पेक्टर वानखडे नावाचे होते. अमरावतीकडून बदली होऊन आलेले, पन्नाशीचे, खाकी कपड्यांतले. कपाळावर बारमाही आठी. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि आठी जरा सैल झाली.

"काका, गाडी तर तुम्ही नवरीवानी ठेवून राहिले."

"शीतलच्या जन्माची हाय," आण्णा म्हणाले. "ह्यो शीतल."

वानखडेंनी शीतलकडे बघितलं. तुलनेत तो पास होण्यासारखा दिसला नसावा, कारण ते लगेच बॉनेटकडे वळले.

त्यानंतर जे झालं ते म्हणजे पोटच्या पोराचा निकाल लागावा आणि तो पहिला यावा, अशी घोर निराशा होती. चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासलं, तर एकेक आकडा स्वच्छ उमटला. दिवे लागले. इंडिकेटर मिचकावले. वायपर फिरला. हॅंडब्रेक ओढून दोन हमालांनी मागून ढकललं, तर गाडी तसूभर हलली नाही. टायरांवर हात फिरवून वानखडे म्हणाले, "हे टायर मी कुठंतरी पाहिलेले वाटते."

"कंपनीचं हायत, सगळीकडं सारखंच दिसत्यात," सत्तारभाई गडबडीने म्हणाले.

वानखडे पाच महिन्यांत याच टायरांना तिसऱ्यांदा भेटत होते, पण त्यांनी विषय वाढवला नाही. त्यांना यार्डातला चहा वेळेत हवा होता.

शीतलला राहवेना. वानखडे चहाकडे निघाले तसा तो त्यांच्यामागे गेला. पैसे खिशात तयार होते. मी पिशवी घेऊन मागे. सोबत म्हणून.

"साहेब, एक विनंती होती. आमच्या गाडीचं जरा बघा."

"पाहिलं ना. चांगली आहे. खिशातला हात खिशातच ठेवा, मी त्यातला नव्हे. आणि गरज पण नाही, होऊन राहिली पास."

"तसं नाही साहेब. नापास करा."

वानखडेंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "काय म्हणता?"

शीतलने सगळं सांगितलं. खांब, कठडा, म्हैस, सानू, जून. ते ऐकताना मला त्याची खरंच दया आली. बाहेरच्या परक्या माणसाला त्याने पाच मिनिटांत जे सांगितलं, ते घरात दोन वर्षं त्याच्या घशाशी अडकलं होतं.

वानखडेंनी ऐकून घेतलं. "लायसन्सचं काय त्यांच्या? ते डॉक्टरचं सर्टिफिकेट लागते ना?"

"डॉक्टर आण्णांचे जुने गिऱ्हाईक आहेत. दुकानातच चहा पिता पिता सही करून दिली."

"म्हणजे डॉक्टरनं नाही सांगितलं. तुम्ही नाही सांगितलं. आईनं नाही सांगितलं." ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही?"

मी पिशवीकडे बघितलं.

"आम्ही कसं सांगणार साहेब?" शीतल म्हणाला. "वडील आहेत."

"आणि मी कोण लागतो त्यांचा?" वानखडे म्हणाले. "हे पहा, माझ्यापुढं गाडी येते. ब्रेक लागला, पास. नाही लागला, नापास. आता ब्रेकची टेस्ट राहिली. काका चालवतीन, मी बाजूला उभा राहीन, हात वर केला की थांबायचं. थांबले तर मी सही करीन. नाही थांबले तर नाही करणार. याच्याहून जास्त काही माझ्या हातात नाही."

शीतलने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच आशा दिसली. इन्स्पेक्टर बाजूला उभे राहणार होते. आता फक्त ती बाजू डावी असायला हवी होती.

ती डावीच होती. मैदानाच्या मध्यावर डाव्या अंगाला गुळाच्या ढेपांचं शेड आणि त्यापुढे तरटांची थप्पी होती. वानखडे सावलीसाठी थप्पीला टेकून उभे राहिले. खाकी कपडे, मागे तरट. चांगले डोळे असलेल्यालाही ते पटकन दिसले नसते. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बायका शेंगा निवडत बसल्या होत्या. शीतल शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. इतका आनंदी आणि इतका दुःखी चेहरा मी त्याचा लग्नातही बघितला नव्हता.

आण्णा स्टेअरिंगवर बसले होते. मी सवयीने डावीकडचं दार उघडून बसले.

"तू उतर," आण्णा म्हणाले.

"असू दे की, बसते."

"मी एकटा जातो. उतर तू."

"आण्णा, ऊन आहे हो बाहेर," मी म्हटलं. ऊन आतही होतं. पण त्या सीटवरून उतरायचं आणि त्यांना एकटं सोडायचं, हे माझ्या अंगाला ठाऊकच नव्हतं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी स्टेअरिंगशेजारचा गिअर टाकला.

गाडी निघाली. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. मनाशी म्हटलं, त्रिशला, आज तोंड उघडायचं नाही. आजच्या दिवस. फक्त गप्प बसायचंय, एवढं तरी जमेल ना तुला? गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आली, तिसऱ्यात आली. आण्णांची नजर नाकासमोर. थप्पी जवळ आली. खाकी हात वर गेला. मला तो लख्ख दिसला, पाच बोटांसकट. आण्णांचा पाय हललाही नाही. झालं, मी मनात म्हटलं, सुटलो सगळे.

"आण्णा, थांबा!"

कोण ओरडलं, हे मला क्षणभर कळलंच नाही. गाडी जागच्या जागी थांबली. टायरांचा चर्रर आवाज झाला, धूळ उडाली आणि मी डॅशबोर्डवर आपटता आपटता वाचले. यार्डातले हमाल वाहवा करायला लागले. सत्तारभाईंनी टाळ्या वाजवल्या. वानखडे थप्पीपासून दोन पावलं चालत आले. त्यांनी आण्णांकडे बघितलं, मग खिडकीतून माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"वहिनी, तुम्हीच पास करून टाकली गाडी," ते म्हणाले, आणि बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. पाच वर्षं. पुढची पाच वर्षं ही गाडी रस्त्यावर धावायला सुरक्षित होती, असं महाराष्ट्र शासनाचं म्हणणं पडलं.

शीतल शेडच्या खांबाला तसाच धरून उभा होता. तो माझ्याकडे कसा बघत होता ते सांगत नाही. घरी गेल्यावर तो काय बोलणार आहे ते मला तिथूनच ऐकू येत होतं. सत्तारभाई त्याला मिठी मारून अभिनंदन करत होते, आणि तो बिचारा त्यांच्या खांद्यावरून मला बघत होता.

वानखडे दुसऱ्या गाडीकडे गेले. आण्णांनी गाडी चालू केली नाही. कागद हातात धरून ते समोर बघत बसले.

"हात वर केला हुता त्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठल्या अंगाला हुता?"

"डावीकडे. पोत्यांपाशी."

"मला दिसला न्हाई," आण्णा म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदा. खांब पुढे आला नव्हता, म्हैस आंधळी नव्हती, आरसा लहान नव्हता. 

"मिरजेच्या डॉक्टरला दाखवलंय मी. काचबिंदू. नाकासमोरचं दिसतंय, कडंचं गेलं. डावं तर पारच गेलं. डॉक्टर म्हणाला, घरच्यास्नी सांगा. मी म्हटलं, घरच्यास्नी सगळं दिसतंय की." ते थांबले. "तुमास्नी दिसतच हुतं. खांब हलवला, केळीवाला हलवला. सगळं गाव हलवायला निघाला हुतासा तुमी. मी रोज वाट बगायचो. आज कोन तरी म्हणंल, आण्णा, बास करा. शीतल जेवताना तोंड उघडायचा, मला वाटायचं, आता म्हणतोय. तर त्यो भाकरी मागायचा."

"आण्णा, तुम्हीच का नाही मग..."

"मी कसं म्हणू गं?" त्यांचा तो दुकानातून घरी पोचणारा आवाज इतका बारीक झाला, की मला पुढे वाकावं लागलं. "माझ्या तोंडानं मी कसं म्हणू, की मला आता जमत न्हाई? म्हटलं, सरकार तरी सांगंल. परका माणूस सांगंल, आन त्याचं ऐकावं लागंल. गाडी तर पास हुणारच, माझी गाडी हाय ती. मी नापास हुईन. म्हणून तुला उतर म्हटलं. पुढं बायका बसल्यात ते दिसत हुतं मला, तिथं मी थांबलोच असतो. तुला गप बसायचं हुतं एवढंच. तर तू ओरडलीस."

मला रडू फुटलं. भर मार्केट यार्डात, कोट घातलेल्या सासऱ्याशेजारी, मोठ्याने. इतके दिवस आम्ही चौघं एकाच घरात एकच गोष्ट मनात धरून होतो. त्यांच्याआडून आम्ही सरकारला गाठलं, आणि आमच्याआडून त्यांनीही सरकारलाच गाठलं होतं.

"रडू नको," आण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. ते रागावले होते, खरंच रागावले होते. "जूनपासनं पोरीला घिऊन मी एकटा जानार हुतो. पोरगी तुझी. तिच्यासाठीबी तुझ्या तोंडातनं एक शब्द निघंना? कुणाला भीत हुतीस? मला? मी काय खाणार हुतो तुला?"

मी पदराने तोंड पुसलं. त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे वळून बसले होते, अगदी समोरासमोर, म्हणजे मी त्यांना पूर्ण दिसत होते.

"आण्णा," मी म्हटलं, "तुम्ही आता गाडी चालवायची नाही. आजपासून. सानूला घेऊन नाही आणि एकट्यानंही नाही."

 शेंगा निवडणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी मोठ्याने हसलं. मग आण्णांनी टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला आणि टोपी पुन्हा घातली.

"झालं," ते म्हणाले. "एवढंच हुतं."

ते दार उघडून उतरले. बॉनेटवर हात ठेवून, त्याच्या कडेकडेने चाचपत गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरक तिकडं."

"मी?"

"लायसन्स हाय न्हवं तुझ्याजवळ? का तेबी चहा पिऊन काढलंय?"

लायसन्स होतं. लग्नाआधी माहेरच्या मारुतीवर काढलेलं. सासरी आल्यापासून त्याचा उपयोग बँकेत ओळख पटवण्यापुरता झाला होता. मी सीटवरून सरकत स्टेअरिंगमागे गेले. आण्णा माझ्या जागेवर बसले आणि त्यांनी कोटाची बटणं सोडली. मी किल्ली फिरवली, क्लच सोडला, आणि गाडीने एक उडी मारून मान टाकली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच.

ते बघून शीतल शेडकडून पळत आला. त्याच्यामागे टायर परत न्यायला आलेले सत्तारभाई. शीतल आण्णांच्या खिडकीशी वाकला. त्याला डावीकडे आण्णा आणि उजवीकडे बायको, हे चित्र काही केल्या उमगेना.

"आण्णा, हे काय? हिच्या हातात गाडी?"

"व्हय. का रं, तुझी काय अडचण हाय?" आण्णा म्हणाले. "असंल तर मला तोंडानं सांग. सरकारला मधी घालू नको."

शीतलने तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि मागचं दार उघडून तो गुपचूप बसला.